आणखी कॅमेरा घ्यावा का?

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात समारंभ-छायाचित्रणाच्या व्यवसायासंबंधी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी वक्ता नाही. आजवर अनेक सभांना हजर राहिलो, पण हातात कॅमेरा घेऊन, स्टेजच्या एका कोपऱ्यात उभा राहून. आज कार्यकर्त्यांनी मला कोपऱ्यातून उचलून माइकसमोर आणले आहे. तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

काही महिन्यांपूर्वी आपल्याच वस्तीतील एक तरुण माझ्याकडे आला. त्याच्याजवळ एक कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची किट लेन्स आणि एक फ्लॅश होता. वर्षभरात त्याने बारशी, वाढदिवस, हळदी आणि सात-आठ लग्ने केली होती. तो म्हणाला, "काका, नवी बॉडी आणि ७०-२०० लेन्स मिळून एक लाख ऐंशी हजार होतात. आई पतपेढीतून कर्ज काढायला तयार आहे. घेऊ का?" त्याची आई शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवते. मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. हाच प्रश्न एकेकाळी मी कोणालाही न विचारता स्वतः सोडवला होता आणि चुकलो होतो. म्हणून आज त्या एकाच प्रश्नावर बोलणार आहे.

मी हा धंदा सुरू केला तो १९९४ साली, एका जुन्या पेंटॅक्स के-१००० वर. रोलमध्ये ३६ फोटो. एका लग्नाला चार रोल, म्हणजे १४४ फोटो. प्रत्येक बटण दाबताना पैसे दिसायचे. त्यामुळे आधी बघायचे, थांबायचे आणि मग दाबायचे, ही सवय लागली. पुढे डिजिटल आले, रोलचा खर्च संपला आणि त्या जागी नवी भूक आली. दर दोन वर्षांनी नवे मॉडेल निघते. आपल्या कॅमेऱ्यात कालपर्यंत काही कमी नव्हते, आज जाहिरात पाहिली की तो जुना वाटू लागतो.

२००८ साली मलाही तसेच वाटले. शेजारच्या गावातल्या एका फोटोग्राफरकडे मोठी पांढरी लेन्स होती. लोक तिच्याकडे बघत, मग त्याच्याकडे बघत. मीही कर्ज काढले आणि तशीच लेन्स आणली. खरे सांगतो, पहिले चार महिने मी फोटो कमी काढले आणि लेन्स जास्त मिरवली. त्याच उन्हाळ्यात एका तालुक्याच्या ठिकाणी लग्न होते. वधू-वर स्टेजवर आले, आणि माझ्या कॅमेऱ्याचे शटर अडकले. बॉडी एकच. लेन्स पाऊण लाखाची, पण ती लावायला दुसरी बॉडी नाही. एका पाहुण्याचा खिशातला छोटा कॅमेरा मागून घेतला आणि लग्न कसेबसे पार पाडले. मी निम्मे पैसे परत केले. मुलीचे वडील एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. एका बापाने आयुष्यभराची बचत खर्चून केलेला दिवस माझ्या हौसेपायी वाया गेला होता. लेन्सचे हप्ते त्यानंतर दीड वर्ष भरत होतो.

मित्रहो, या अनुभवातून मी एक फरक शिकलो. काही खरेदी ही ग्राहकाच्या दिवसाचे रक्षण करते, आणि काही खरेदी आपल्या मनाचे समाधान करते. दोन्ही वाईट नाहीत, पण क्रम चुकता कामा नये.

तेव्हा पहिला क्रम रक्षणाचा. दुसरी बॉडी, मग ती जुनी का असेना, पण त्याच लेन्स बसतील अशी. दोन फ्लॅश. बॅटरीचे जादा संच. एका मोठ्या मेमरी कार्डाऐवजी दोन-तीन लहान कार्डे, आणि घरी आल्यावर झोपण्यापूर्वी फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवायचे. यातले काहीही कोणाला दिसत नाही. पण लग्न दुसऱ्यांदा लागत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरा क्रम उजेडाचा. आपले समारंभ कुठे होतात? मंगल कार्यालयात, समाजमंदिरात, रस्त्यावरच्या मांडवात, तेही बहुधा रात्री. किट लेन्स पूर्ण झूम केली की तिचे तोंड एफ-५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० मिलिमीटरची साधी एफ-१.८ लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. अनेक कंपन्यांकडे ही त्यांच्या स्वस्त लेन्सपैकी एक असते. महागडी एफ-२.८ झूम लेन्स किट लेन्सच्या चौपट उजेड घेते. म्हणजे अंधार हीच अडचण असेल, तर स्वस्त लेन्स महागडीपेक्षा अधिक काम करते. झूम नाही, चालत पुढे जावे लागते, एवढाच तोटा. तरुण माणसाने चार पावले चालायला काय हरकत आहे?

काही अडचणी तर पैशाने सुटतच नाहीत. आपल्याकडच्या लग्नात वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत असतात. कॅमेऱ्याचे मीटर समोर जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. समोर पांढरी साडी, पांढरा सदरा, मागे पांढरा पडदा आला की ते उजेड कमी करते, साडी करडी पडते आणि चेहरे काळवंडतात. मग मुलगी अल्बम बघून म्हणते, मी एवढी काळी आहे का? मुली, दोष तुझ्या रंगाचा नाही, आमच्या आळसाचा आहे. एक्सपोजर एका स्टॉपने वाढवले, पांढऱ्याचा तपशील उडत नाही ना एवढे पाहिले, की चेहरा जसा आहे तसा सुंदर येतो. हे बटण तुमच्या आजच्या कॅमेऱ्यातही आहे. दोन लाखांच्या कॅमेऱ्यातही तेच बटण दाबावे लागते.

दुसरी गोष्ट मांडवाची. फ्लॅश छताकडे वळवला की उजेड मऊ पडतो, हे सगळ्यांना माहीत असते. पण छत पांढरे असेल तर! वर लाल-पिवळे कापड असेल तर तोच रंग सर्वांच्या तोंडावर उतरतो. अशा वेळी फ्लॅश स्टँडवर बाजूला ठेवून पांढऱ्या छत्रीतून सोडावा. तिसरी गोष्ट दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. फोटोत आडवे पट्टे आले तर कॅमेरा खराब समजून नवा घेऊ नका, शटर १/१०० किंवा १/५० वर आणून पाहा.

आता हिशोबाचे बोलू. एक लाख ऐंशी हजारांचे कर्ज वार्षिक १४ टक्के दराने दोन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,६४० रुपये बसतो, आणि एकूण २,०७,००० रुपयांच्या वर भरावे लागतात. लग्नाच्या तिथी वर्षभर नसतात, हप्ता मात्र बारा महिने येतो. भर पावसाळ्यात, ऑर्डर नसताना, तो हप्ता कोण भरणार? ज्या आईने सही केली आहे ती. म्हणून मी म्हणतो, ज्या वस्तूचा हप्ता आपल्या सर्वांत वाईट महिन्याच्या कमाईतून निघत नाही, ती वस्तू अजून आपली नव्हे.

मग मोठी लेन्स लागलीच तर? भाड्याने आणा. समजा लेन्स दीड लाखाची आहे आणि भाडे दिवसाला १,५०० रुपये. म्हणजे शंभर दिवसांच्या भाड्यात तिची किंमत होते. वर्षातून वीस कार्यक्रमांना ती लागत असेल, तर ती वेळ यायला पाच वर्षे लागतील. भाड्याला अडचणीही आहेत. दाट तिथीला सर्वांनाच लेन्स हवी असते, अनामत द्यावी लागते, ओरखडा पडला तर भरपाई द्यावी लागते. म्हणून ऑर्डर घेतानाच लेन्स नोंदवावी आणि भाडे ग्राहकाच्या दरात धरावे. पण जी वस्तू दर दुसऱ्या कार्यक्रमाला भाड्याने आणावी लागते, ती विकत घ्यायची वेळ झाली, हेही तितकेच खरे.

ही वेळ ओळखायची कशी? एक साधी नोंदवही ठेवा. प्रत्येक कार्यक्रमानंतर लिहा: कोणता फोटो हुकला आणि का हुकला? प्रामाणिकपणे लिहा. "मी जेवायला गेलो होतो", "फ्लॅश चार्ज झाला नव्हता", "मला मागे उभे केले होते, जवळ जाता आले नाही". दहा-पंधरा कार्यक्रमांनंतर वही वाचा. जे कारण वारंवार आले असेल आणि जे वस्तूनेच दूर होईल, ती वस्तू घ्या. माझा अनुभव असा की निम्मी कारणे वस्तूची नसतातच. कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत लेन्सचे मिलिमीटरही नोंदवून ठेवतो, तेही संगणकावर तपासा. आपण लांबच्या टोकाला खरोखर किती फोटो काढतो ते कळेल.

होमाई व्यारावाला यांचे नाव विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेत शिकलेल्या या भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्या वापरत असलेल्या कॅमेऱ्यांपैकी एक रोलिफ्लेक्स, एका रोलमध्ये फक्त १२ फोटो आणि लेन्स बदलायची सोय नाही. आपल्या महाराष्ट्रातले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन छायाचित्रांतून जगापुढे मांडले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती छायाचित्रे पाहताना कोणती लेन्स होती असे विचारायचे सुचतसुद्धा नाही. माणसांजवळ जाणे, पुन्हा पुन्हा जाणे, त्यांचा विश्वास मिळवणे हे कोणत्याही दुकानात मिळत नाही.

शेवटी एक आठवण सांगतो. माझ्या पहिल्या काही लग्नांपैकी एका लग्नात मांडवाच्या कडेला एक आजी बसल्या होत्या. रोल संपत आला होता, दोनच फोटो उरले होते. त्यातला एक त्यांचा काढला. वर्षभराने त्यांचा मुलगा दुकानात आला. आजी गेल्या होत्या, आणि घरात त्यांचा दुसरा एकही फोटो नव्हता. तो मोठा करून भिंतीवर लावला, तो अजून तिथे आहे. आपल्या कष्टकरी माणसांच्या घरात असे अनेक चेहरे एकाही फोटोविना निघून गेले. वधू-वरांचे फोटो शंभर जण मोबाइलवर काढतात. कडेला बसलेल्या आजीकडे तुम्ही बघितले पाहिजे. त्यासाठी लागणारा कॅमेरा तुमच्याजवळ आजच आहे.

तुम्ही विचाराल, त्या तरुणाचे काय झाले? त्याने जुनी दुसरी बॉडी, ५० मिलिमीटरची लेन्स आणि एक फ्लॅश घेतला, स्वतःच्या कमाईतून. आईची सही लागली नाही. मोठी लेन्स तो भाड्याने आणतो. त्याच्या वहीत तिची गरज वारंवार आली, तर पुढच्या वर्षी तो ती जरूर घेईल आणि मी स्वतः त्याच्याबरोबर दुकानात जाईन. आजच्या या कार्यक्रमाचे फोटो तोच काढतो आहे.