बटाटा काढल्यावरही जिवंत असतो



आज आपण बटाट्याबद्दल बोलू. पुणे जिल्ह्यात खेड आणि आंबेगाव तालुक्यांत बटाटा पुष्कळ पिकतो. इतर गावीही घरापुरते दोन-चार वाफे लावणारे आहेत. तीन महिने राबायचे, पीक घरात आणायचे, आणि मग सडले म्हणून उकिरड्यावर टाकायचे! असे कितीदा तरी होते. हे टाळता येते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. बटाटा हे मूळ नव्हे. ते जमिनीत फुगलेले खोड आहे. त्याचे डोळे म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा. जमिनीतून काढला तरी तो जिवंत असतो. तो श्वास घेतो. त्याला जखम होते, आणि ती भरूनही येते. एवढे समजले, की पुढचे सारे सोपे.

आधी काढणी. कार्तिकात लावलेला बटाटा माघ-फाल्गुनात तयार होतो. पाला पिवळा पडला, की पाणी तोडा. मग आठ-दहा दिवस थांबा. एक बटाटा उकरा आणि अंगठ्याने चोळा. साल निघाली, तर अजून कच्चा आहे. साल निघाली नाही, तर खुशाल काढा. कुदळ झाडाच्या बुडात मारू नका. जरा लांबून मारा.

काढलेला बटाटा उन्हात पडू देऊ नका. उजेडाने तो हिरवा होतो. हिरव्या भागात आणि कोंबात विष असते. ते शिजवूनही जात नाही. पोट दुखते, उलट्या होतात. हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा लेकराबाळांना मुळीच देऊ नका.

रात्री ढीग शेतात उघडा ठेवू नका. बटाट्याची पाकोळी रात्री फिरते आणि डोळ्यांत अंडी घालते. मग अळी आतून पोखरते. बटाट्याच्याच पाल्याने ढीग झाकू नका. पाल्यातली अळी बटाट्यात शिरते.

ढीग सावलीत, हवेशीर जागी घाला. वर वाळलेले गवत पसरा. दहा-पंधरा दिवसांत जखमा भरतात. साल घट्ट होते. मग निवड करा. कापलेले, खरचटलेले आधी खाऊन टाका. सडलेले लांब नेऊन पुरा. चांगले तेवढे ठेवा. पण धुऊ नका, बरं का! ओल राहिली, की सड लागते. सुकी माती हाताने झाडा.

साठवायला तीन गोष्टी हव्यात : अंधार, गारवा आणि वारा. प्लास्टिकच्या पिशवीत बटाटा गुदमरतो. बांबूची टोपली किंवा विरळ विणीचे पोते चांगले. चुलीजवळ आणि पत्र्याखाली ठेवू नका. पुष्कळ महिने ठेवायचे असतील, तर शीतगृह बरे. थंडीत बटाट्याचा श्वास मंद चालतो, म्हणून तो टिकतो.

आता आपल्याला लिहिता येते. त्याचा उपयोग करू. एका चिठ्ठीवर काढणीची तारीख आणि वजन लिहा. ती टोपलीला बांधा. दर आठ दिवसांनी बटाटे चाळा. किती सडले, ते चिठ्ठीवर मांडा. एक सडका वेळीच काढला, तर शेजारचे दहा वाचतात. पुढच्या साली हीच चिठ्ठी आपल्याला सांगेल, की कुठे ठेवलेला माल टिकला आणि कुठे नासला.

आपला घाम मातीत जिरला आहे. तो उकिरड्यावर जाऊ देऊ नये.