न सापडलेल्याची नोंद



उन्हाळा लागला की आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी वरचेवर येते. भीमेत, सीनेत, कालव्यात किंवा तलावात पोहायला उतरलेला तरुण वर आला नाही, शोध सुरू आहे. पावसाळ्यात तिचे रूप बदलते: पुलावरून पाणी वाहत असताना कुणी दुचाकी घातली आणि तो वाहून गेला. कधी तर नुसती गाडी, चपला आणि मोबाईल काठावर मिळतात, माणूस मिळत नाही. दुसऱ्या दिवशी शोध अंधारामुळे थांबल्याचे छापून येते, आणि चौथ्या दिवशी बातमीच उरत नाही. माझा आजचा विषय त्या चौथ्या दिवसापासून सुरू होतो. नदीतल्या शोधाकडे आपण मदतकार्य म्हणून पाहतो. माझे म्हणणे असे, की तो एक तपास आहे आणि इतर तपासांसारखाच तो लिहून ठेवला गेला पाहिजे. कोणता पट्टा पाहिला, कोणत्या साधनाने पाहिला, पाणी किती खोल होते, ओढ केवढी होती, कोण उतरले, कधी थांबले आणि का थांबले, हे सगळे. देह सापडला तर ही वही पुन्हा कुणी उघडणार नाही. पण तो सापडला नाही, तर त्या घराच्या हाती तिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नसतो.

आधी पाण्याचा स्वभाव पाहू. बुडालेला माणूस बहुधा तळाला जातो. फुप्फुसांत पाणी शिरले की शरीर गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड होते. संथ पाण्यात तो शेवटचा दिसला त्या जागेच्या आसपासच असतो. पुढे शरीरात वायू साठतात आणि ते वर येते. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात हे एक-दोन दिवसांत घडते, थंड आणि खोल पाण्यात फार उशिरा. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात भीमेवरच्या उजनी धरणाच्या जलाशयात उलटली. बोटीतल्या सात जणांपैकी एक जण पोहून काठाला लागला, सहा बुडाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान शोधत होते, आणि 23 तारखेला मृतदेह पाण्यावर येऊ लागले. तिथे दोन गोष्टी अनुकूल होत्या: पाणी साठलेले होते, आणि काय घडले हे सांगणारा माणूस जिवंत होता. वाहत्या पुरात यातले काहीच हाती नसते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळला आणि एसटीच्या दोन बसगाड्या नदीत गेल्या. काही मृतदेह पार समुद्रापर्यंत वाहत गेले, त्यांतला एक रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागला, तर गाडीचा पहिला सांगाडा पुलापासून काहीशे मीटरवरच, नऊ दिवसांनी, गाळात मिळाला. एकाच रात्री, एकाच ठिकाणी पडलेल्या गोष्टी इतक्या दूर आणि इतक्या जवळ जाऊ शकतात. म्हणून ‘खाली सगळीकडे बघितले’ या वाक्याला काही अर्थ नसतो. कुठे बघितले, हे सांगावे लागते.

आपल्या भीमेचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. उजनीच्या खाली ती आपल्या मर्जीने वाहत नाही. 117 टीएमसीचे हे धरण 1980 साली पुरे झाले, आणि तेव्हापासून पंढरपूरच्या चंद्रभागेला पाणी केव्हा येणार हे पाटबंधारे खात्याच्या आदेशावर ठरते. वारीसाठी पाणी सुटते, शेतीसाठी सुटते, सोलापूर शहराच्या पिण्यासाठी टाकळी आणि औज बंधाऱ्यांपर्यंत नदीतूनच पाणी पोचवले जात आले आहे. पाऊस नसताना पाणी चढते ते यामुळे. कोरड्या वाळवंटात वाढलेल्या मुलाला नदीचा अंदाज चुकतो तोही काही वेळा यामुळेच. पण याची दुसरी बाजू शोधाच्या कामाची आहे. किती क्युसेक सोडले, केव्हा सोडले, याची नोंद खात्याकडे असते. तीच नोंद शोधाच्या वहीत उतरवली, तर देह कुठवर गेला असेल याचा अदमास बांधता येतो, आणि गरज पडली तर काही तास विसर्ग कमी करण्याचा निर्णय घेता येतो. वाळू उपशाने पडलेले खड्डे, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या वरचे डोह, जलपर्णीने झाकलेले काठ या जागा ठराविक आहेत. होडीवाल्या कोळ्यांना आणि मासेमारांना त्या तोंडपाठ असतात, पण त्या कोणत्याही सरकारी नकाशावर एकत्र मांडलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. आणि पुढे सीमा येते. दक्षिण सोलापूरच्या टोकाला भीमेचा एक काठ महाराष्ट्राचा आणि दुसरा कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्याचा. आणखी खाली अफझलपूर तालुक्यात सोन्न बंधारा लागतो. सीनेत वाहून गेलेला माणूस कुडलच्या संगमावर भीमेत शिरतो आणि कर्नाटकातल्या एखाद्या ठाण्याच्या दप्तरी ‘अनोळखी पुरुष’ म्हणून नोंदला जाऊ शकतो. देशभरची पोलीस ठाणी सीसीटीएनएस या पोलीस नोंदींच्या संगणकीय जाळ्यात जोडलेली आहेत हे खरे. पण बेपत्ता झाल्याच्या नोंदीत शर्टाचा रंग, हातावरचे गोंदण, जुन्या टाक्यांची खूण, दातांची ठेवण लिहिलेलीच नसेल, तर यंत्राने कशाची सांगड कशाशी घालायची?

यावर पहिला आक्षेप असा येतो, की गेलेल्यासाठी जिवंतांचे जीव का धोक्यात घालायचे? हा आक्षेप हलका नाही. त्याच मे 2024 मध्ये अकोले तालुक्यातल्या सुगाव येथे प्रवरेत दोन तरुण बुडाले. त्यांतल्या एकाच्या शोधासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याहून आली, बंधाऱ्याजवळच्या भोवऱ्यात बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. प्रशिक्षित माणसे बंधाऱ्याच्या पायथ्याशी उलट फिरणाऱ्या पाण्यात टिकू शकली नाहीत. मला या घटनेतून आक्षेपकांच्या नेमका उलट निष्कर्ष दिसतो. जोवर शोध म्हणजे काठावर जमलेल्या गर्दीला आणि आक्रोश करणाऱ्या घराला दिसेल अशी धावपळ, तोवर कुणीतरी पाण्यात उतरलेच पाहिजे असा दबाव राहणार. ‘बंधाऱ्याखालचा पन्नास मीटरचा भाग आज पाहता आला नाही, पाणी कमी होईपर्यंत पाहणार नाही’ हे वाक्य अधिकृतपणे लिहिण्याची सोय असेल, तर तुकडीच्या प्रमुखाला थांबता येते. जे पाहिले नाही तेही लिहायचे असते, कारण तिथे परत जायचे असते. शोधाची शिस्त जवानांचे रक्षण करते आणि हौसेने उडी घेणाऱ्या गावच्या पोरांचेही.

आता कायद्याकडे येऊ, कारण सर्वांत जास्त छळ तिथे होतो. सात वर्षे माणसाचा पत्ता नसेल तर तो मृत मानावा, हे आपल्याकडे सर्वांना ऐकून माहीत आहे. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 108 आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 111 झाले आहे. पण ते काय सांगते? ज्यांना त्याची बातमी कळायला हवी होती त्यांना सात वर्षे ती कळली नसेल, तर तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, एवढेच. सात वर्षांच्या आत मृत्यू सिद्ध करता येणार नाही असे त्या कलमात कुठेही म्हटलेले नाही. उलट, आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या 2004 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सात वर्षांनी मृत्यूचे गृहीतक निघते, मृत्यूच्या तारखेचे निघत नाही. तो अमुक दिवशीच गेला असे ज्याला म्हणायचे असेल त्याने पुरावा द्यावा. विम्याची रक्कम, शेतकरी अपघात योजनेचे 2 लाख, सातबाऱ्यावरची वारसनोंद, बँकेचे कर्ज हे सगळे तारखेवर अडते. आणि तारखेचा पुरावा सात वर्षांनी गोळा होत नाही. तो त्या पहिल्या चार दिवसांतच नदीकाठी असतो. कुणी त्याला पाण्यात जाताना पाहिले, पाणी केवढे होते, कुठवर शोधले, त्याचा फोन शेवटी कुठे बोलत होता. आपली न्यायालये मृतदेह न सापडताही परिस्थितीजन्य पुराव्यावर खुनाची शिक्षा देऊ शकतात, हे तत्त्व जुने आणि पक्के आहे. ज्या पुराव्यावर एखाद्याला जन्मठेप देता येते, तशा पुराव्यावर एका आईला मुलाच्या मृत्यूचा दाखला देता येऊ नये, याचे समर्थन मला कुठेच सापडलेले नाही.

इथे दुसरा आक्षेप, आणि तो पोलिसांचा आहे. काठावर चपला ठेवून माणसे पळूनही जातात. कर्जाला कंटाळून, घरातल्या भांडणातून, कधी विम्यासाठी. तरुण मुलगा बेपत्ता झाल्याची तक्रार घेऊन गेलेल्या बापाला ‘येईल दोन दिवसांत’ असे सांगितले जाते, त्यामागे हाही अनुभव असतो. मी तो नाकारत नाही. मात्र ‘बुडाला असावा’ यातले ‘असावा’ गंभीरपणे घ्यायचे, तर पाण्यातला आणि जमिनीवरचा असे दोन्ही शोध पहिल्या तासापासून बरोबरीने चालले पाहिजेत. फोनचा तपशील, एसटी स्थानक, रेल्वे फलाटावरचे कॅमेरे, बँक खाते, मित्र. प्रत्यक्षात एक सुरू झाला की दुसरा सुस्तावतो. नदीत शोध चालू आहे म्हणून स्थानकावर कुणी जात नाही, आणि तो कुठेतरी दिसल्याची अफवा आली की होड्या काठाला लागतात. त्या अफवा घराला वर्षानुवर्षे पुरतात. शनिवारी पंढरपुरात दिसला, गाणगापुरात दिसला, आणि प्रत्येक वेळी बाप गाडीभाडे खर्चून जातो. राज्यकर्त्यांनाही मृत्यूविषयीचा संशय किती महाग पडतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले की नाही याची खात्री पटली नाही म्हणून तोतया उभा राहिला, 1776 मध्ये त्याला मारेपर्यंत पेशवाईच्या कारभाऱ्यांची झोप उडाली होती, आणि पार्वतीबाईंनी 1783 मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत वैधव्य मानले नाही. धर्मशास्त्रानेही देह न मिळालेल्यासाठी पळसाच्या पानांची प्रतिमा करून संस्कार सांगितला, आणि परागंदा झालेल्यासाठी बारा वर्षे वाट पाहायला लावली. तिथेही भेद आहे: मृत्यूची खात्री असेल तर थांबायचे नाही. ही खात्री पुरवणे हे आजच्या राज्ययंत्रणेचे काम आहे.

शोधणाऱ्यांबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे. दल पोचेपर्यंत पहिले तास गावच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांचे असतात, आणि पहिले तासच मोलाचे. ज्या कोळ्याने, भोयाने गळ टाकून, डोहात बुडी मारून देह वर काढला, त्याला पंचनाम्यावर सही करायला बोलावतात. त्याच्या बुडालेल्या रोजगाराचे, फाटलेल्या जाळ्याचे, त्या रात्री न लागलेल्या झोपेचे काय, ते कुणी विचारत नाही. पुष्कळदा घरच्यांनाच त्याच्या हातावर पैसे ठेवावे लागतात. आणि ज्या घरात चूल पेटलेली नाही त्याने हे व्यवहार करावेत, ही आपल्या सगळ्यांची नामुष्की आहे. प्रत्येक नदीकाठच्या तालुक्यात अशा पोहणाऱ्यांची यादी, त्यांचा विमा आणि ठरलेले मानधन असावे. यंत्रे हवीतच. तळाचे चित्र देणारे सोनार, पाण्याखालचे कॅमेरे गढूळ पाण्यात माणसाच्या डोळ्यापेक्षा पुढे जातात. पण कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, अंकोल्याजवळच्या शिरूर इथे 16 जुलै 2024 ला दरड कोसळून गंगावळी नदीत गेलेला मालमोटारीचा चालक मिळाला तो 25 सप्टेंबरला, गोव्याहून आणलेल्या ड्रेजरने गाळ उपसल्यावर. दोन राज्यांत आवाज उठला म्हणून तो शोध टिकला. ज्याच्या मागे कुणी आमदार, कुणी वाहिनी नाही, त्याच्या वाट्याला किती दिवस यावेत, हे आज नुसत्या दडपणावर ठरते.

मग थांबायचे केव्हा? कधीच थांबू नये असे मी म्हणत नाही. इर्शाळवाडीत जुलै 2023 मध्ये दरड कोसळल्यावर 27 देह मिळाले, 57 माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवण्याचा निर्णय झाला. तो कठोर होता, पण तो जाहीर निर्णय होता. बेपत्तांची संख्या सांगितली गेली, त्यांना मृत मानले गेले आणि पुढची कागदपत्रे त्या आधारे चालली. उत्तराखंडातल्या केदारनाथच्या 2013 च्या प्रलयानंतर आणि तिथल्याच ऋषिगंगा नदीच्या 2021 च्या पुरानंतर केंद्र सरकारने सात वर्षांची वाट न पाहता दाखले देण्याची पद्धत घालून दिली: बेपत्ताची तक्रार, अधिकाऱ्याची चौकशी, नावांची जाहीर प्रसिद्धी, आक्षेपांसाठी 30 दिवस, आणि मग जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्याखाली दाखला. फसवणुकीची भीती तिथेही होती. तिला उत्तर म्हणून जाहीर प्रसिद्धी आणि आक्षेपाची मुदत ठेवली गेली. मग जी सोय शेकडो माणसे एकदम गेली तेव्हा होऊ शकते, ती सीनेत एकटाच गेलेल्याला का नाकारावी? मोठ्या आपत्तीत मृत्यूविषयी शंका कमी असते म्हणून, असे उत्तर मिळेल. ते बरोबर आहे, आणि म्हणूनच एकट्याच्या बाबतीत शोधाची वही अधिक काटेकोर हवी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने एक नमुना ठरवावा. शोध थांबवताना तहसीलदार आणि पोलीस अधिकारी यांनी त्यावर कारणासह सही करावी. त्याची प्रत त्याच दिवशी घरच्यांना मराठीत, आणि खालच्या काठावरच्या कर्नाटकातल्या ठाण्यांना कन्नडमध्ये द्यावी. पाणी ओसरल्यावर न पाहिलेले पट्टे पुन्हा पाहून त्याच वहीत लिहावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा एक आदेश पुरतो, आणि तो पावसाळ्याच्या आत निघू शकतो.