सर विठ्ठलदास ठाकरसी

पेढीवरचा मनुष्य कायदेमंडळांत गेला कीं तेथेंही पेढीच सांभाळील, असा आपला समज असतो. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी (१८७३–१९२२) वरिष्ठ कायदेमंडळाचे सभासद झाले. देशी गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून शेंकडा ३॥ कर होता. तो अन्यायाचा, हें त्यांचें मत होतेंच. परंतु खानदेशांत कापूस पिकविणारा शेतकरी सावकाराच्या ऋणांत होता. अशांच्या सहकारी पतपेढ्यांस भांडवल मिळावें म्हणून लल्लूभाई सामळदासांसह त्यांनीं १९११ सालीं मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक काढली. १९२० सालीं कर्व्यांच्या महिला विद्यापीठास मातोश्री नाथीबाईंच्या नांवें १५ लक्ष रुपये दिले. कर १९२६ सालीं रद्द झाला. तें पाहावयास ते उरले नव्हते. बँक व विद्यापीठ मात्र आजही उभीं आहेत.