नोकरी लागली, पुढे काय?
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



"मुलगा पुण्याला कंपनीत लागला" हे वाक्य आज सातारा-सांगलीकडील अनेक घरांत ऐकू येते. पेढे वाटले जातात, शाळेत सत्कार होतो. असे सत्कार मीही केले आहेत. परंतु त्या मुलाचे पुढे काय होते, हे आपण फारसे विचारीत नाही. आज तेवढेच सांगण्यासाठी मी उभा आहे.

तंत्रज्ञानाची मोठी कंपनी आपल्या भागाला नवी नव्हे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जमिनीवर कारखाना उभारला. त्यांचे आरंभीचे एक सहकारी अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते. तरी ते यंत्रविद्येत नावाजले. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावे पालथी घातली. मोठ्या कंपनीत माणूस घडतो, तो तेथे शिकत राहिला तर, हे यावरून दिसते.

आज आपली मुले हिंजवडीची वाट धरतात. तेथील काम कसे असते? आधी प्रशिक्षण, त्यात चाचण्या. मग एखाद्या प्रोजेक्टवर नेमणूक. प्रोजेक्ट नसेल तर 'बेंच', म्हणजे पगार चालू, पण काम नाही. बेंच ही शिक्षा नव्हे. परंतु तेथे फार दिवस राहिलेल्याची नोकरी डळमळू लागते. ग्राहक पुष्कळदा अमेरिकेतला असतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. म्हणून मुले रात्री उशिरा घरी येतात. आणि ही नोकरी सरकारी नोकरीसारखी कायमची नसते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही 1968 साली सुरू झालेली कंपनी. तिनेही जुलै 2025 मध्ये सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले.

आता माझ्या एका माजी विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. वडिलांचा केळ्यांचा गाडा. मुलगा हुशार आणि अगदी शांत. "बघा, वर्गात असे बसावे," म्हणून मी इतरांना त्याचे उदाहरण देत असे. इंजिनिअर होऊन तो पुण्यात एका कंपनीत लागला. मीटिंगमध्ये समोरच्याचे निम्मे बोलणे त्याला कळत नसे. पण विचारण्याचा धीर होत नसे. एकदा तीन दिवस खपून त्याने भलतेच काम करून ठेवले. असे पुन्हा दोनदा घडले. प्रोजेक्ट गेला, बेंच आला आणि शेवटी राजीनामा लिहून घेतला गेला.

तीन महिने त्याने घरी सांगितले नाही. मित्रांकडून उसने घेऊन घरी पैसे पाठवीत राहिला. ईदला गावी आला, तेव्हा मला भेटला. म्हणाला, "सर, मला काम येत होतं. विचारायला येत नव्हतं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही. त्याची जी शांतता मी नावाजली, तीच त्याला नडली होती.

दुसरी एक विद्यार्थिनी, शिकलगाराची मुलगी. वर्गात तिचे प्रश्न संपत नसत. मी कधीकधी त्रासून तिला खाली बसवीत असे. लहानपणी वडिलांच्या सहाणेपाशी बसून "ही धार अशीच का लावायची?" असे ती विचारी आणि वडील हातातले काम थांबवून सांगत. कंपनीत पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "मला हे समजलं नाही, पुन्हा सांगाल का?" कोणी हसले नाही. आज नव्या मुलांना काम समजावून देण्याची जबाबदारी तिच्याकडे आहे. पालकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात पिढीजात हुन्नर होता. उस्तादाला विचारल्याशिवाय तो कोणाच्या हाती आला होता काय?

मी माझ्यापुरता बदल केला आहे. दर शनिवारी माझ्या वर्गात प्रत्येकाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. आरंभी मुले एकमेकांकडे पाहत बसली. आता तास पुरत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, न समजलेले विचारण्यात कमीपणा नाही. पालकहो, फोनवर "पगार झाला का?" एवढेच विचारू नका. "काम कसं चाललंय? कुठं अडलंय का?" हेही विचारा. मुलींनाही या वाटेने जाऊ द्या.

त्या मुलाचे पुढे काय झाले? मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. सगळे ऐकून वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, एखाद्या दिवशी माझाही माल खपत नाही. मी घरी येऊन सांगतोच की नाही?" मुलगा रडू लागला. सहा महिन्यांनी त्याला लहानशा कंपनीत काम मिळाले. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. पण आता अडले की तो विचारतो, आणि रात्री घरी फोन करतो.

असा फोन प्रत्येक घरी यावा, एवढी इच्छा व्यक्त करून मी माझे दोन शब्द संपवितो.