जुनी बोट, नवा हंगाम

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मासळी अंडी घालते, तिला उसंत मिळावी हा त्यामागचा हेतू. बाहेरच्या माणसाला वाटतं, या काळात कोळीवाडा झोपलेला असतो. पण मिरकरवाड्यात किंवा राजिवड्याला पावसाळ्यात एक फेरी मारा. जाळी विणली जात असतात, इंजिनं खोललेली असतात आणि ताडपत्रीखालून मोगरीचा ठकठक आवाज येत असतो. वर्षभराच्या कमाईची तयारी या दोन महिन्यांत होते.

मी इंजिन आणि विजेचं काम करणारा मिस्त्री. लाकडाचं काम सुतारांचं. पण जुनी बोट पुन्हा उभी करायची तर दोघांना एकमेकांच्या शेजारी बसूनच काम करावं लागतं. त्या अनुभवातल्या चार गोष्टी आज सांगतो.

बोट वर घ्यायची ती उधाणाच्या भरतीला, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास. भांगाच्या दिवसांत पाणी तेवढं चढत नाही. ही रीत जुनीच. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत मराठा आरमाराची खडकात कोरलेली गोदी आहे, तीही भरती-ओहोटीच्याच हिशेबावर चालायची. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला कोरड्यावर काम करायचं.

मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘काका, ठेवू का मोडू?’ पंचवीस वर्षांची लाकडी बोट असेल आणि शेजाऱ्याने फायबरची घेतलेली असेल, तर हा प्रश्न येणारच. उत्तर रंगाकडे बघून देता येत नाही. सुतार हातोडी घेऊन फळीफळीवर ठोकत जातो. चांगलं लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. शंका आली तिथे तो टोच्या घालून बघतो. तळाचा कणा, ज्याला आपण पठाण म्हणतो, तो आणि त्यावरच्या बरगड्या शाबूत असतील तर फळ्या बदलता येतात. पठाणच गेला असेल तर पैसे घालू नयेत. वाईट वाटलं तरी मालकाला हे स्पष्ट सांगावं. कर्ज काढून कुजलेल्या कण्यावर नवी फळी मारली, तर समुद्रात जाणाऱ्या सात-आठ माणसांच्या जिवाशी तो खेळ होतो.

एक गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाही. लाकडी बोट समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याने जास्त कुजते. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. डेकच्या फटीतून झिरपून कोपऱ्यात साचलेल्या गोड्या पाण्यात मात्र ती मजेत वाढते. म्हणून पूर्वीचे लोक झाप घालून बोटी शाकारत, तेव्हा दोन्ही टोकांना वारा खेळायला जागा ठेवत. आज ताडपत्री चारही बाजूंनी करकचून बांधतात. आत वाफ कोंडते आणि पाऊस न लागताही लाकूड जातं. वारा आत जाऊ द्या.

दुसरं काम कलफतीचं. फळ्यांच्या सांध्यातलं जुनं सूत काढून तेलात भिजवलेलं नवं सूत ठोकायचं आणि वरून राळ-तेलाचं मिश्रण भरायचं. मे महिन्याच्या उन्हात फळ्या आकसतात आणि सांधे रुंद दिसतात. ते बघून सूत ठासून भरू नये. बोट पाण्यात गेली की फळ्या फुगतात. त्यांना फुगायला जागाच ठेवली नाही तर त्या खिळ्यांवर जोर करतात. नवीन उतरवलेली बोट पहिल्या दिवशी थोडं पाणी घेते, त्याला घाबरू नये. दोन दिवसांनीही पाणी येत राहिलं तर मात्र बघावं.

आता माझ्या कामाकडे येतो. बोटीवर वीज येते दोन ठिकाणांहून. मुख्य इंजिनावर पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर बॅटरी भरतो. काही बोटींवर वेगळा डिझेल जनरेटरही असतो. जनरेटरचं पहिलं दुखणं म्हणजे खारी हवा. मीठ ओलावा धरून ठेवतं आणि तांब्याच्या गुंडाळीवरचं आवरण हळूहळू निकामी होतं. दोन महिने बंद राहिलेला जनरेटर थेट चालू करू नये. आधी व्होल्टेज सांभाळणारं कार्ड सोडवून ठेवावं आणि मेगरने गुंडाळी तपासावी. एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर ती ओलावली आहे असं समजावं. आम्ही पूर्वी शंभर वॅटचा पिवळा बल्ब आत लावून एक-दोन दिवस ठेवत असू. त्याच्या उबेने ओल जाई. आता तो बल्ब शोधून आणावा लागतो, कारण एलईडीची तेवढी उष्णता नसते.

बंदीच्या आधी काय करायचं, तेही लिहून ठेवा. ऑइल हंगाम संपताच बदला, सुरू होताना नव्हे. जळक्या ऑइलमध्ये आम्ल असतं, ते दोन महिने बेअरिंग खात बसतं. डिझेलची टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं आणि ते फिल्टरमध्ये उतरतं. थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेतून गोडं पाणी फिरवून मग ते सगळं काढून टाका. पंपातला रबरी पंखा काढून ठेवा, नाहीतर एकाच जागी दबून त्याची पाती वाकडी होतात. बॅटरी घरी न्या आणि महिन्यातून एकदा भरा. तळाला लावलेले जस्ताचे तुकडे अर्धे झिजले असतील तर बदला. पितळेचा पंखा आणि लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात एकत्र असले की झीज कुणाची तरी होणारच. ती जस्ताची होऊ द्यावी.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट धुराची. एका जुन्या बोटीवर जनरेटर केबिनच्या मागे बसवलेला होता आणि त्याच्या धुराच्या नळीचा सांधा सुटत आला होता. खलाशी सकाळी डोकं धरून उठायचे, उलट्या व्हायच्या. सगळे म्हणायचे, समुद्र लागला. वर्षानुवर्षं समुद्रावर असलेल्या माणसांना समुद्र लागतो कसा, हा विचार कुणी केला नव्हता. तो कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. मी नळी बदलली, तोंड केबिनपासून दूर काढलं आणि केबिनची बंद केलेली झरोकी उघडायला लावली. आपल्या बोटींवर घरापासून फार लांबून, अगदी नेपाळमधून आलेली मुलं काम करतात. ती तक्रार करत नाहीत. म्हणून मालकाने आणि तांडेलाने विचारायला हवं.

जनरेटर केवढा घ्यावा? साधा हिशेब करा. केबिनचे दिवे चाळीस वॅट, बोटीचे दिशादर्शक दिवे चाळीस, वायरलेस पंचवीस, जीपीएस आणि मासे शोधणारं यंत्र मिळून पंचेचाळीस. झाले दीडशे. पाणी उपसणारा पंप दीडशे धरला तरी तीनशे वॅट. चोवीस व्होल्टचा, पस्तीस अँपिअरचा अल्टरनेटर आठशेहून अधिक वॅट देतो. म्हणजे मुख्य इंजिन चालू असताना वेगळ्या जनरेटरची गरजच नाही. इंजिन बंद असतानासाठी छोटा जनरेटर पुरे. मोठा घेऊन त्यावर थोडासाच भार टाकला, तर डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमधून काळं तेल गळू लागतं.

मग काही बोटींवर एवढाले जनरेटर कशाला असतात, हे मिरकरवाड्यात कुणाला सांगायला नको. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी एका जागी गोळा करायची आणि लहान-मोठी सगळी उपसायची, यासाठी. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. राज्याने १९८१ च्या कायद्यात २०२१ साली बदल करून दंडही वाढवला. तरी हे काम घेऊन लोक माझ्याकडे येतात. मी ते घेत नाही. दिव्याखाली येणारी मासळी ही पुढच्या वर्षीची मासळी असते, आणि छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात तीच कमी पडते. मला पैसे देणारा आणि रिकामा परतणारा, दोघेही याच बंदरातले.

दिवे लावायचेच तर ते आधी लावा, ज्यांनी आपण दिसतो. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. ट्रॉल ओढताना वर हिरवा आणि त्याखाली पांढरा. आपल्या समोरून मोठी जहाजं जातात. वरून बघणाऱ्याला अंधारात आपली बोट दिसत नाही, त्याला फक्त आपला दिवा दिसतो. जुन्या बोटीत वायरिंग खारं होऊन नेमके हेच दिवे आधी जातात, कारण ते बाहेर असतात. या पावसाळ्यात दुसरं काही जमलं नाही तरी ती वायर बदला आणि तिचे जोड डेकखाली उघडे ठेवू नका.

आणखी एक. बोटीला जमीन नसते. जनरेटरच्या अंगाची वायर पाण्याखालच्या तांब्याच्या पत्र्याला जोडलेली आहे ना, हे बघा. ओल्या डेकवर अनवाणी उभ्या माणसाला विजेचा धक्का सोसत नाही.

नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ देतो. तो देण्याआधी ज्या फळीवर उभं राहायचं तिच्यावर एकदा हातोडी मारून आवाज ऐका.