खराटा आधी, कीर्तन मग



समाजकार्य आणि नाट्यशास्त्र अशा दोन्ही विभागांची, पदवी घेऊन बाहेर पडणारी मुलं आज एकाच मांडवात आहेत, हे माझ्या सोयीचं झालं. एरवी एका बाजूला वाटतं, नाटकवाल्यांनी मोर्च्याआधी गर्दी जमवून द्यावी. दुसऱ्या बाजूला वाटतं, विषय सामाजिक असला की प्रयोग थोडा कच्चा असला तरी खपून जातो. हे दोन्ही समज आपल्याच माणसांनी केव्हाच मोडीत काढलेत.

गाडगेबाबांचं घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, १८७६ सालचा जन्म; शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. गावात शिरले की आधी हातात खराटा. रस्ते, गटारं, देवळाचं आवार झाडायला सुरुवात. लोक बघत राहायचे, मग ओशाळून एकेक जण पुढे यायचा. कीर्तन रात्री. तोवर वक्त्याची ओळख करून द्यायची गरजच उरलेली नसे. आणि ते कीर्तनही पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीतलं नव्हतं. बाबा वऱ्हाडीत प्रश्न विचारत आणि गर्दी एका सुरात उत्तर देई. नोव्हेंबर १९५६मध्ये मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, ते जरूर ऐका. कर्ज काढून केलेले सण, देवापुढे कापलेला बोकड, पोरांची शाळा, सगळे विषय घरातलेच. माणसं पोट धरून हसत असतात आणि नेमका तेव्हाच पुढचा प्रश्न येतो. उत्तर त्यांच्याच तोंडून निघालेलं, त्यामुळे उपदेश ऐकावा लागला अशी तक्रार करायलाही जागा राहत नाही. संवादाची ही लय, नाट्यशास्त्रवाल्यांनो, तुमच्या नेमलेल्या पुस्तकांत असेल असं मला वाटत नाही. समाजकार्यवाल्यांनी हिशोबाकडे बघावं. मिळालेल्या पैशातून धर्मशाळा, घाट, वसतिगृहं उभी राहिली, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली.

हीच गोष्ट शाहीर अण्णाभाऊ साठ्यांची. त्यांनी १९४४मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढलं. तमाशाच्या गणात गणपतीच्या जागी मायभूमी आणि कष्टकरी आले, गौळण गेली. ढोलकी, सोंगाड्या आणि वग मात्र जागच्या जागी राहिले. गिरणगावातला कामगार गावाकडून तमाशाचा नाद घेऊनच आलेला, त्याला बसायला सांगावं लागत नसे. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे अण्णाभाऊंना कळायचं, कारण तमाशाचा फड त्यांच्या भावकीतच होता. बाहेरून येऊन 'लोककलेचा वापर' करणाऱ्यांची इथेच फसगत होते. ते ढोलकी ठेवतात आणि विनोद काढून टाकतात!

ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेनं रंगमंचावर आणलं. गाणी, थट्टा आणि मुलगी जन्मल्यावर पडणारे घरातल्यांचे चेहरे. कुठल्याही चौकात, वस्तीत करता येईल असं ते नाटक, आणि करणाऱ्या बायकाही बहुतेक आपापली नोकरी, घर सांभाळून आलेल्या. प्रयोग संपला की प्रेक्षकांतल्या काही जणी घरी न जाता घुटमळत, आपलं सांगू लागत. ते ऐकून नुसतं हळहळून भागणार नव्हतं. संघटनेनं कुटुंब सल्ला केंद्रं चालवली, त्यामागे हे घुटमळणं आहे असं मी मानतो.

आता आपल्या पथनाट्य स्पर्धांकडे या. काळे कुडते, पंधरा मिनिटांची घोषणाबाजी, शेवटी सगळे गोठून उभे, मग ट्रॉफी आणि रील. ज्या वस्तीच्या पाण्यावर नाटक असतं, त्या वस्तीतलं कुणी प्रेक्षकांतही नसतं. स्पर्धा जिंकायला माझी हरकत नाही. पण पुढचं नाटक बसवाल तेव्हा त्या वस्तीतल्या दोघीतिघींना तालमीला बोलवा. कुठल्या वाक्याला त्या हसत नाहीत ते बघा आणि ते वाक्य काढून टाका, ते कितीही आवडतं असलं तरी. प्रयोगानंतर लगेच सामान आवरू नका. रेशनकार्डाचे अर्ज, पेन आणि मोफत सल्ला देणाऱ्या वकिलाचा फोन नंबर घेऊन अर्धा तास तिथेच बसा. तहसील कचेरीत कागद कुठल्या टेबलावर अडतो, तिथे कोणत्या दिवशी जायचं आणि बरोबर कोण जाणार, हे तालमीतच ठरवून घ्या.