मुलांच्या आहारात ताज्या फळांचे स्थान

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या मेळाव्यात अभ्यास, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि नोकरी यांविषयी बोलले जाते आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज आपले लक्ष दस्तरख्वानाकडे वेधणार आहे. वर्गात बसलेली मुलगी तिसऱ्या तासाला डुलक्या घेऊ लागली की आपण तिला आळशी म्हणतो. कित्येकदा ती आळशी नसते, तिच्या अंगात रक्त कमी असते. अशा मुलीला कितीही चांगला शिक्षक दिला, तरी तिचे शिक्षण अर्धेच राहणार. म्हणून फळांचा विषय हा शिक्षणाचाच विषय आहे, असे मी मानतो.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. पूर्वी लांबच्या प्रवासावर निघालेल्या गलबतांवरील खलाशांना एक भयंकर रोग होत असे. हिरड्या सुजत, दात हलत, अंगावर काळेनिळे डाग पडत आणि शेवटी माणूस दगावत असे. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या डॉक्टराने ‘सॅलिसबरी’ या इंग्रजी युद्धनौकेवर बारा आजारी खलाशी निवडले आणि त्यांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला व्हिनेगर, दुसरीला समुद्राचे पाणी, असे प्रत्येकीला वेगळे औषध दिले. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिले. सहा दिवसांत या जोडीतला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला. बाकीच्या जोड्यांत असा फरक दिसला नाही. लिंडने १७५३ साली यावर ग्रंथ लिहिला, पण इंग्रजी आरमाराने सर्व खलाशांना लिंबाचा रस देण्यास १७९५ साल उजाडले. हाती आलेले ज्ञान वापरायला बेचाळीस वर्षे लागली! आपल्या घरांत तरी एवढा विलंब होऊ नये.

त्या लिंबात जो गुण होता, त्याला आज आपण ‘क’ जीवनसत्त्व म्हणतो. गाय, बकरी असे प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ती शक्ती नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागते. शिवाय त्याचा मोठा साठा शरीरात राहत नाही, जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. तेव्हा आठवडाभर फळ न खाता रविवारी किलोभर खाल्ले तर उपयोग थोडा. रोज थोडे खावे, हा पहिला नियम.

आता आपल्या घरच्या जेवणाकडे पाहू. भात, तांदळाची भाकरी, मासळी, कधी मटण, कधी डाळ. हे अन्न वाईट नाही. मासळीसारखे प्रथिन सर्वांच्या नशिबी नसते. पण भातात व भाकरीत ‘क’ जीवनसत्त्व नाही, मासळीत जवळजवळ नाही आणि भाजीत असते ते शिजवताना बरेचसे नष्ट होते. ही उणीव कच्चे खाल्लेले ताजे फळ भरून काढते.

याचा संबंध रक्ताशी कसा, ते विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. रक्ताला लोह लागते. पालेभाज्या, डाळी, नाचणी यांत लोह असते, परंतु ते शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणाबरोबर ‘क’ जीवनसत्त्व पोटात गेले, तर ते लोह शोषले जाण्याजोग्या रूपात येते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला, तर चहातील टॅनिन लोहाला अडवून धरते. आपल्याकडे जेवण झाले की चहाचे आधण ठेवले जाते. तो चहा तासाभराने घ्या आणि त्या जागी पेरूची फोड किंवा पाण्यात पिळलेले लिंबू येऊ द्या. एवढ्या बदलाला खर्च काहीच नाही.

प्रश्न किती मोठा आहे, ते आकड्यांवरून कळेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. म्हणजे मुलींचे हाल जवळजवळ दुप्पट. याचे एक कारण मासिक पाळीत जाणारे रक्त हे आहे. दुसरे कारण आपल्या घरांत आहे, आणि ते कटू असले तरी बोलले पाहिजे. फळ घरात आले की प्रथम अब्बांना, मग मुलग्यांना, मग पाहुण्यांना आणि उरले तर मुलीला व अम्मीला. ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांचा क्रमांक शेवटचा! आपल्या दीनने मुलींच्या संगोपनाला किती मोठे पुण्य मानले आहे, हे आपण सारे जाणतो. मग ते फळाच्या फोडीतही दिसू द्या.

शाळांतून मुलामुलींना आठवड्याला लोहाची एक निळी गोळी दिली जाते. मळमळते म्हणून मुली ती टाकून देतात. मुलींनो, ती टाकू नका. जेवणानंतर घ्या, वर लिंबूपाणी प्या किंवा पेरू खा. फळाने गोळीची जागा घेता येत नाही. पण फळामुळे गोळी अधिक कामी येते.

आता कोणते फळ खावे? आपल्याकडे सफरचंदाला मोठा मान. आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत सफरचंद हवेच. सफरचंद वाईट नाही, पण त्याच्या १०० ग्रॅममध्ये ‘क’ जीवनसत्त्व जेमतेम ४-५ मिलिग्रॅम असते. संत्र्यात सुमारे ५० असते. आणि ज्या पेरूला आपण गरिबाचे फळ म्हणून नाक मुरडतो, त्याच्या १०० ग्रॅममध्ये ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते. मोठ्या माणसाची दिवसाची गरज शंभराच्या आतच आहे, म्हणजे एक मध्यम पेरू ती भागवून वर उरतो. आवळा तर पेरूच्याही पुढे आहे. सफरचंद कापल्यावर लाल पडते, ते त्यातल्या लोहामुळे, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. फळातील एका विकराची हवेतील प्राणवायूशी गाठ पडली की तो रंग येतो. लोहाशी त्याचा संबंध नाही.

आम्ही कोकणची माणसे तर या बाबतीत श्रीमंत आहोत. काजूची बी आपण जपून विकतो आणि बोंड झाडाखाली कुजू देतो. त्या बोंडात संत्र्याच्या कितीतरी पट ‘क’ जीवनसत्त्व असते. थोडे मीठ लावले की त्याचा तुरटपणा कमी होतो. पिकलेला आंबा आणि पपई यांत कॅरोटीन असते. त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, जे डोळ्यांना लागते. केळ्यात पोटॅशियम भरपूर, जे रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास मदत करते. करवंदे, जांभळे, बोरे हा तर मुलांचा फुकटचा मेवा. पेरू, पपई, काजू, चिकू, अननस ही फळे मूळची अमेरिका खंडातली. परक्या मुलखातून येऊन ती आपल्या परसात रुजली, आणि आपण बाजारात महागडे फळ शोधत फिरतो!

सूरह अल्-अनआममध्ये फळे खाण्याची मुभा देतानाच कापणीच्या दिवशी त्यातला हक्क देण्याची आणि नासाडी न करण्याची आज्ञा आहे. झाडाखाली सडणारी बोंडे आणि पेरू पाहिले की मला त्या आज्ञेची आठवण होते. आपल्याला नको असतील तर शेजारच्या मुलांना द्यावेत.

रमजानविषयी दोन शब्द. ताज्या खजुराने, तो नसल्यास सुक्या खजुराने आणि तोही नसल्यास पाण्याने रोजा सोडणे ही सुन्नत आहे. दिवसभराच्या उपवासानंतर खजुरातील साखर लवकर शक्ती देते आणि त्याबरोबर चोथाही मिळतो. पण पुढे आपण काय करतो? भजी, समोसे आणि रंगीत सरबत यांनी दस्तरख्वान भरतो आणि कलिंगडाची बशी कोपऱ्यात राहते. हा क्रम उलटा करावा. खजूर, पाणी, फळे, मग मगरिबची नमाज आणि त्यानंतर बेताचे जेवण. तरावीहला उभे राहताना याचा फायदा आपणच अनुभवाल.

बाटलीतल्या थंड पेयांबद्दल पालकांना बजावून सांगतो. अशा ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. डब्यातल्या फळांच्या रसालाही फळ समजू नका. रस काढताना चोथा जातो आणि साखर उरते. २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात अख्खी फळे खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी, तर फळांचा रस नेहमी पिणाऱ्यांत तो अधिक आढळला. भारतात मधुमेहींची संख्या २०२१ साली सुमारे १० कोटी होती, असा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचा अंदाज आहे. तेव्हा दात शाबूत आहेत तोवर फळ चावून खावे.

काही सावधगिरी हवी. फळ वाहत्या पाण्याखाली धुवावे. रस्त्यावर उघडी ठेवलेली कापलेली फळे घेऊ नयेत. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. शक्य असेल तर आंबा आपल्या ओळखीच्या बागेतून घ्यावा आणि घरीच पेंढ्यात अढी घालून पिकवावा. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये. त्यानंतर कुस्करलेले केळे वा पपई द्यावी. लहान मुलांना द्राक्षे उभी चिरून द्यावीत, अख्खे द्राक्ष घशात अडकते. मधुमेह असणाऱ्यांनी फळे सोडण्याचे कारण नाही, मात्र किती व केव्हा, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय केळे वा खजूर खाऊ नये.

जागतिक आरोग्य संघटना भाज्या व फळे मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खाण्याचा सल्ला देते. हा आकडा एकदम गाठला नाही तरी चालेल. मी तीन साध्या गोष्टी सुचवतो. पालकांनी डब्यात बिस्किटांच्या पुड्याऐवजी आठवड्यातून निदान चार दिवस एक केळे, पेरू किंवा मूठभर बोरे द्यावीत. शाळेने वार्षिक समारंभात पाहुण्यांसाठी व मुलांसाठी थंड पेयांच्या जागी फळे ठेवावीत. आणि विद्यार्थी मित्रांनो, या पावसाळ्यात शाळेच्या आवारात पेरू, आवळा, लिंबू यांची रोपे लावा. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने खाल्ले, पाखराने खाल्ले, तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, ही शिकवण आपणा सर्वांना ठाऊक आहे. कलमी पेरू दोन-तीन वर्षांत फळ देऊ लागतो. आज पाचवीत असलेली मुलगी आठवीत जाईल, तेव्हा तिला आपल्याच शाळेचा पेरू खायला मिळेल.

 अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्मबरोबर सेहतही देवो, ही दुआ करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद.